तुमचा गोल्डफिश म्हातारा होऊन गेला नाही, ताई

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून): माझे यजमान मागच्या वर्षी प्रेसमधून निवृत्त झाले आणि घरात मासे आले. आधी काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश. ते तीन महिन्यांत गेले. मग आणखी दोन आणले, तेही दिवाळीच्या आत गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं." आता दोन फुटी टाकी आहे. तीत गप्पी, एक फायटर आणि काच साफ करायला आणलेला सकर. सकर वीतभर झालाय. मासा मेला की हे दिवसभर जेवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी नवा घेऊन येतात. आता डोक्यात मरीन टँकनं घर केलंय. तीन फुटी टाकी, केशरी-पांढरे क्लाउनफिश आणि जिवंत प्रवाळ. दुकानदार सांगतो, "कोरल शंभर वर्षं जगतात." गोल्डफिश तीन महिने आणि प्रवाळ शंभर वर्षं, हा कुठला हिशोब? आणि प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळंच ना? हे ६२ वर्षांचे, मी ५९. मुलगा पुण्यात, मुलगी ऑस्ट्रेलियात. वर्षाआड दोन-तीन महिने तिच्याकडे जातो. हे सगळं जगलं तर किती जगेल आणि आमच्यामागे त्याचं कोण करणार? – एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

ताई,

आधी त्या दुकानदाराचं वाक्य बाजूला काढू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय. गोल्डफिशचं आयुष्य तीन महिन्यांचं नसतं. नीट ठेवला तर तो १० ते १५ वर्षं जगतो, २० गाठणारेही असतात. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या एका घरात टिश नावाचा गोल्डफिश होता. १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला. तो १९९९ साली गेला, ४३ वर्षांचा होऊन. शेवटी शेवटी त्याचा केशरी रंग उडून तो चंदेरी झाला होता, आपले केस पिकतात तसा. त्या हिशोबानं तुमचे चारही मासे पाळण्यातच गेले.

हे वाचून तुमच्या यजमानांना आणखी एक दिवस जेवण जाणार नाही, याची कल्पना आहे. तरी सांगतोय. 'आयुष्यच तेवढं' असं एकदा मनानं घेतलं की माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नवा मासा सोडतो. दुकानदार मुद्दाम खोटं बोलला असंही मला वाटत नाही. त्याच्याकडून गेलेले मासे लोकांच्या घरी खरंच तेवढेच जगत असतील. वर्षानुवर्षं तेच ऐकून त्यानं त्यालाच आयुष्य म्हणायला सुरुवात केली, इतकंच.

मीही याच वाटेनं गेलोय. पंचवटीत एका वाड्यात भाड्यानं राहायचो तेव्हा माझ्याकडेही असंच गोल भांडं होतं. दर रविवारी सकाळी मी मासे तांब्यात काढायचो, सगळं पाणी मोरीत ओतायचो, खडे घासून घासून धुवायचो, भांडं नळाखाली चकाचक करायचो आणि नळाचंच पाणी भरून मासे परत आत. आई कौतुकानं बघायची. मंगळवारपर्यंत मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करायला लागायचे. मला वाटायचं भूक लागली. मी आणखी खाणं टाकायचो. गुरुवारी एखादा पोट वर करून तरंगायचा. असं सहा-सात वेळा झालं, आणि दर वेळी मी आणखी जोमानं खडे घासले. मारत मीच होतो, आणि तेही स्वच्छतेनं.

झालं काय, तर मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया त्याचे कल्ले जाळतो, म्हणून तो वर येऊन हवा मागतो. टाकीतल्या खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात एक प्रकारचे जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे माशाला बऱ्यापैकी सोसतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की कमी होतं. तुम्हाला हे दह्यावरून लगेच कळेल. स्पंज म्हणजे विरजण. नव्या टाकीला विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्यात तुम्ही मासे सोडले, किंवा सगळं धुऊन टाकलं, तर दूध नुसतंच नासणार. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. गंगापूर धरणाचं पाणी चांगलं असतं, पण घरी येतं ते क्लोरीन घेऊन, आणि क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं. बादली एक दिवस उघडी ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. सगळं कधीही नाही.

गोल भांड्याबद्दल आणखी काही लिहीत नाही. त्यात उदबत्त्या ठेवा.

आता दोन फुटी टाकी. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे ५६ लिटर पाणी, आणि खडे घातले की त्याहून कमी. गप्पींना आणि फायटरला पुरे. गोल्डफिश मात्र १५-२० सेंटिमीटर होतो आणि दिवसभर खातो-घाण करतो. त्याला ती अपुरी. 'मासा टाकीएवढाच वाढतो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वाढ खुंटते ती खराब पाण्यानं. कोंडलेल्या खोलीत पोरगं खुरटावं, तशी.

तुमच्याकडचे बाकीचे किती जगतील, ते सांगतो. फायटर दोन ते चार वर्षं. त्यातही दुकानात लांब झुलत्या परांचा नर मिळतो तो तोवर सहा महिन्यांचा तरी झालेला असतो, तेव्हा तेवढं आयुष्य त्यातून वजा करा. गप्पी दोन, फार तर तीन वर्षं. पण गप्पींचं असं आहे की नर-मादी दोन्ही असतील तर महिन्याला पिल्लं होतात आणि म्हातारे कधी गेले ते कळतही नाही. घराणं चालू राहतं. एंजल दहाच्या आसपास, ऑस्कर बारा-पंधरा, आणि पट्ट्यांचा क्लाउन लोच विसाच्या पुढे. माझ्याकडे टाकीच्या मागच्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावून प्रत्येक मासा आल्याची तारीख लिहायची सवय आहे. एका लोचच्या पट्टीवर २००९ आहे. शाई उडाली म्हणून ती दोनदा गिरवलीय. तुमच्या यजमानांना ही सवय लावा. दुकानदार काय म्हणाला त्यापेक्षा पट्टी काय म्हणते ते बघायचं.

आणि सकर. ज्याच्याबद्दल तुम्ही एका वाक्यात आटोपलंत तोच तुमच्या घरातला सगळ्यात दीर्घायुषी पाहुणा आहे. १० ते १५ वर्षं सहज जगतो आणि दीड फुटाच्या आसपास होतो. वीतभर म्हणजे अजून बाल्यावस्था. तुमचे यजमान पंचाहत्तरीचे होतील तेव्हा तो तिथंच असेल, जागा पुरली तर. त्याच्याकडे पत्राच्या शेवटी येतो.

तुम्ही विचारलंत हा कुठला हिशोब. हिशोब आहे, पण आकारावर नाही. आफ्रिकेत मोझांबिक-झिंबाब्वेकडे पावसाळी डबक्यांत राहणारा एक किलीफिश आहे. डबकं आटायच्या आत त्याला सगळं उरकायचं असतं, म्हणून तो दोन-तीन आठवड्यांत वयात येतो आणि चार-सहा महिन्यांत संपतो. अंडी तेवढी सुकल्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघतात. प्रवाळांच्या खडकांत राहणारा एक चिमुकला गोबी आहे, त्याचं जास्तीत जास्त आयुष्य ५९ दिवस. कणा असलेल्या प्राण्यांत एवढं छोटं आयुष्य दुसऱ्या कुणाचं माहीत नाही. आणि त्याच समुद्रातला क्लाउनफिश, बोटभर लांब, पापुआ न्यू गिनीतल्या संशोधकांच्या अंदाजानं ३० वर्षांपर्यंत जगू शकतो. दोघंही लहानच. पण गोबीला रोज कुणीतरी गिळायला टपलेलं असतं, तर क्लाउनफिश समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या विखारी हातांत लपून बसतो. ज्याला उद्याची खात्री नाही तो घाई करतो. ज्याला आहे त्याचं शरीर सावकाश झिजतं.

माशाचं वय कसं मोजतात असं यजमान विचारतील, म्हणून लिहून ठेवतो. माशाच्या कानात बारीक खडा असतो, त्यात झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं पडतात. मात्र ती मोजायची तर मासा मेलेला लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात मेथुसेला नावाचा ऑस्ट्रेलियन लंगफिश १९३८ सालापासून आहे. तिचं वय मोजायला परातून चिमूटभर तुकडा घेऊन डीएनए तपासला, तर ९२ च्या आसपास निघालं आणि कदाचित शंभरीही पार असेल असं सांगितलं. ती मऊ अंजीर आवडीनं खाते म्हणतात. आपल्याकडच्या कुठल्या आजीबाईंसारखंच.

तर क्लाउनफिश. हाच तुमच्या पत्राचा खरा पेच आहे, कारण हा मासा सांभाळायला त्यामानानं सोपा आहे आणि पाळलेल्या टाकीत २० वर्षं ओलांडतो. यजमान ६२. बेरीज तुम्ही करा. घ्यायचाच झाला तर टाकीत जन्मलेला घ्या, समुद्रातून पकडलेला नको. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा टाकीतली पिल्लं मिळू शकतात. दुकानात तसं स्पष्ट विचारा. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या समुद्री माशांपैकी काही सायनाइड फवारून, गुंगवून पकडलेले असतात. ते दुकानात ठणठणीत दिसतात, घरी तीन आठवड्यांत जातात, आणि दुकानदार पुन्हा म्हणतो, आयुष्यच तेवढं. एक गंमत मात्र सांगतो: क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्माला येतात. जोडीतला थोराड मादी होतो आणि घरात तिचंच चालतं.

प्रवाळाचं उत्तर जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

अंगठीतलं पोवळं हे प्रवाळच, पण तुमच्या टाकीत येऊ शकणाऱ्या जातीचं नाही. ते भूमध्य समुद्रातलं लाल प्रवाळ. इतकं सावकाश वाढतं की त्याची फांदी वर्षाला अर्धा मिलिमीटरही जाड होत नाही. सराफ बाजारात मंगळासाठी आठ मिलिमीटरचा मणी मागता, तेव्हा पंचवीसेक वर्षांचं वाढलेलं मागत असता. ते झाड नाही, दगडही नाही. तो प्राण्यांनी बांधलेला सांगाडा आहे. टाकीतलं प्रवाळही प्राणीच. एक एक पॉलिप असतो, हरभऱ्याच्या डाळीएवढा किंवा त्याहून बारीक, तोंडाभोवती हातांची झालर. एकाला फुटवा येऊन दुसरा होतो, दोघांचे चार, आणि असे हजारो मिळून जी वसाहत होते तिला आपण 'एक प्रवाळ' म्हणतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न बनवून भाडं भरतं. पाणी तापलं की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरंफटक होऊन उपाशी मरतं.

मग वय कुणाचं मोजायचं, पॉलिपचं की वसाहतीचं? पॉलिप काही वर्षांचा. वसाहत मात्र शेकडो वर्षं. गोलमटोल पोराइटिस जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, त्याचा काप काढून एक्स-रे घेतला तर दर वर्षीची पट्टी दिसते. काही मीटर उंचीचं असेल तर समजा की पानिपत झालं तेव्हा ते होतं. हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या काळ्या प्रवाळाचं वय ४,००० वर्षांहून जास्त भरलंय. कॅरिबियनमधल्या सांबरशिंगी प्रवाळाच्या काही वसाहती तर ५,००० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आहेत. मधल्या काळात फांद्या मोडल्या, वाहून गेल्या, दुसरीकडे रुजल्या. जीव तोच.

नाशिकच्या माणसाला हे पटवायला मला त्रास नाही. निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागेत जा आणि विचारा, ही थॉमसन किती वर्षांची? बागायतदार सांगेल बारा-पंधरा, आता काढायला आली. पण ती काडी दुसऱ्या वेलाची, तो वेल तिसऱ्याची काडी, आणि असं मागं मागं जात शंभर वर्षांच्या पलीकडे जाल तरी वेल तोच. बी नाहीच, तर नवीन जन्म कुठून येणार? टाकीतली प्रवाळंही अशीच कलमानं पसरतात. शौकीन लोक फांदी तोडून दगडावर चिकटवतात, तिला फ्रॅग म्हणतात, आणि ती मित्राला देतात. एकाच प्रवाळाचे तुकडे तीस-तीस वर्षं टाकीतून टाकीत फिरताहेत. म्हणजे दुकानदार समुद्रापुरता बरोबरच बोलला. पण त्यानं तुम्हाला वेलाचं वय सांगितलं, बागेचं नाही. तुमच्या टाकीतलं प्रवाळ टाकीचं पाणी बिघडेपर्यंत जगणार. बिघडायला एक रात्र पुरते.

ती रात्र मेमधली असते. तीन बाय दीड बाय दीड फुटाची टाकी म्हणजे १९० लिटर. तापमान २५-२६ अंशांवर धरायचं, तर बाहेर आपल्याकडे पारा चाळिशीला. चिलर लावा, नाहीतर पंखा. पंख्यानं पाणी गार होतं, कारण ते उडतं. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी, रोज दोन-तीन लिटर सहज उडेल. पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज तेवढंच आरओचं गोडं पाणी घालायचं. विसरलात की समुद्र खारट होत जातो. मीठ लिटरला ३५ ग्रॅम. टाकी भरायलाच साडेसहा किलो, आणि आपलं स्वयंपाकाचं नाही, समुद्रातले सगळे क्षार असलेलं महाग मीठ. कॅल्शियम बघा, अल्कली बघा, उजेड आठ-नऊ तास द्या. आणि वीज गेली तर? गोड्या पाण्यातला गप्पी चार तास काढतो. प्रवाळांच्या भरल्या टाकीत पंप थांबला की प्राणवायू झपाट्यानं उतरतो. माझ्या एका मित्राची चार वर्षांची टाकी लग्नाच्या एका मुक्कामात गेली. परत आला तर घराबाहेरच वास. त्यानं ती टाकी दुसऱ्या दिवशी भंगारात दिली आणि आजही तो विषय काढलेला त्याला चालत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रघोडाही. 'सगळे ठेवतात हो' हे उत्तर वनखात्यापुढे चालणार नाही. मऊ प्रवाळांचं वेगळं आहे, पण त्यांतही एक खबरदारी: झोअँथिड नावाचे जे बटणांसारखे रंगीत गालिचे मिळतात, त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचा दगड उघड्या हातानं घासायचा नाही आणि स्वच्छ करायला म्हणून उकळायचा तर मुळीच नाही. वाफेनं अख्खं घर दवाखान्यात गेल्याची उदाहरणं आहेत. वरच्या रविवारच्या गोष्टीतला मी असतो, तर नक्की उकळला असता.

आता 'आमच्यामागे कोण'. हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत घातलात. मी असतो तर पहिल्याच ओळीत घातला असता. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली एका निसर्गअभ्यासकानं किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. साधं तांबूस समुद्रफूल, मुठीत मावेल एवढं. त्याला लोक ग्रॅनी म्हणू लागले. अभ्यासक १८५१ साली वारला. ग्रॅनी दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. १८८७ साली एडिंबरात ती मेली तोवर बरणीतच ५९ वर्षं काढून झाली होती. तिला भेटायला येणाऱ्यांसाठी वही ठेवलेली होती. चिलर नाही, पंप नाही. रोज समुद्राचं ताजं पाणी आणि वेळ झाली की शिंपल्यातला तुकडा. तिच्याकडे एकच गोष्ट होती, पुढचा माणूस.

तुमच्याकडे तो आहे का? मुलाला विचारा. 'बघू' म्हणाला तर त्याचा अर्थ नाही असा घ्या. ऑस्ट्रेलियाच्या तीन महिन्यांसाठीही तेच. गोड्या पाण्याची टाकी शेजाऱ्यांवर सोपवता येते: खाण्याच्या छोट्या कागदी पुड्या करून ठेवायच्या, एक दिवसाआड एक पुडी, पुडीवर तारीख, बाकीचा डबा कुलपात. डबा हाताशी ठेवलात तर शेजारच्या काकू प्रेमानं मूठभर टाकतील आणि तुम्हाला फोनवर सांगतील, मासे किती छान जेवतात! पाव टाकी पाणी बदलायला दर पंधरवड्याला एखादा मुलगा बोलवा. समुद्री टाकी मात्र कुठल्याही शेजाऱ्यावर लादू नका. नातं तुटेल आणि टाकीही जाईल.

म्हणून माझं मत असं. मरीन टँक आत्ता नको. तीन फुटी टाकीचा हट्ट मात्र पुरवा, हवं तर मीच त्यांना सांगतो. १९० लिटर गोडं पाणी, मोठा स्पंज फिल्टर, चार-सहा आठवडे विरजण लागू द्यायचं. जुन्या टाकीतला स्पंज नव्यात आठवडाभर तरंगत ठेवलात तर त्याहून लवकर लागेल. मग तीन गोल्डफिश, एकदम नाही, महिन्याला एक. हा गारव्यातला मासा आहे, आपल्या डिसेंबर-जानेवारीत त्याला हीटरही लागत नाही. गप्पी-फायटरला मात्र लावावा लागतो, नाहीतर थंडीच्या पहिल्या झटक्याला अंगावर पांढरे ठिपके आलेच. पुढच्या ऑस्ट्रेलिया वारीहून परत आल्यावर तिघंही जिवंत दिसले, तर मला पुन्हा लिहा. मग दोन क्लाउनफिशचं आणि थोड्या मऊ प्रवाळाचं बोलू. तोवर प्रवाळ बघायचंच असेल तर हिवाळ्यात मालवणला जा आणि चेहऱ्याला मुखवटा लावून पाण्यात बघायला लावा त्यांना. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपल्याच समुद्रात आहे ते, फुकट आहे, आणि त्याचं पाणी आपल्याला बदलावं लागत नाही.

मासा मेला की यजमान जेवत नाहीत, त्यात मी पडत नाही. तेवढ्या दिवशी त्यांच्या हातात अमोनियाचं टेस्ट किट द्या. दोनशे-तीनशे रुपयांचं असतं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. बहुतेक किटांत पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर कारण सापडलं. आणि नवा मासा पंधरा दिवसांनी. हे पंधरा दिवस त्यांना जड जातील, तुम्हाला घरात ते जाणवेल.

राहिला सकर. तो काच साफ करतो हे अर्धसत्य आहे. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी इतर खाण्याकडे वळतो आणि स्वतः भरपूर घाण करतो. तुमच्या दोन फुटीत तो आणखी सहा महिने मावेल. जागा पुरेना झाली की पुष्कळ लोक मोक्षाच्या भावनेनं त्याला सोमेश्वरला किंवा रामकुंडावर गोदावरीत सोडतात, वरून हातही जोडतात. कृपा करून हे होऊ देऊ नका. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, 'हेलिकॉप्टर मासा' म्हणून शिव्या घालतात त्याला. काटेरी चिलखतानं जाळी फाडतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. मोठी टाकी असलेला कुणी बघा, किंवा दुकानदाराला परत द्या, पैसे मागू नका. तोवर रात्री दिवा घालवल्यावर दुधीची एक चकती उकडून, चमचा टोचून तळाशी सोडा. सकाळी साल तेवढं उरलेलं असेल, ते काढून टाका.